जंतूंच्या जिवावर दिवाळी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी हटकून येते. कधी ती जपानची असते, कधी फ्रान्सची, कधी टेक्सासची, तर कधी आपल्याकडच्याच एखाद्या प्रयोगशाळेची. मजकूर बदलतो, मथळा मात्र ठरलेला : प्लास्टिक खाणारा जंतू सापडला! ही बातमी वाचून भली भली माणसे जो सुटकेचा सुस्कारा सोडतात, त्याची मला चीड येते. ‘चला, शास्त्रज्ञांनी एकदाचा तोडगा काढला,’ असे म्हणून गृहस्थ वर्तमानपत्राची घडी घालतात, चहा संपवतात आणि बाजारात निघतात ते हात हलवीत. पिशवी कशाला न्यायची? जंतू आहेत ना!

माझे भांडण जंतूशी नाही. ज्यांनी त्याला हुडकून काढले त्यांच्याशी तर नाहीच नाही. भांडण आहे ते त्या जंतूच्या नावावर उधारी करीत सुटलेल्या आपणा सर्वांशी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपल्याकडे जुनीच आहे. येथे तुरी अजून पेरल्याही नाहीत, आणि वरण कढत आहे म्हणून आपण पाने मांडून बसलो आहोत.

मातीची थोरवी मी जाणते. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू नांदत असतात. हरभऱ्याचे रोप हलक्या हाताने उपटून पाहा; मुळांना बारीक गाठी लागलेल्या दिसतील. त्यांत बसून जिवाणू हवेतला नत्र पिकाला पुरवीत असतात. क्षयरोगावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली मिळाले ते मातीतल्याच एका जिवाणूपासून, आणि त्या कामासाठी सेलमन वाक्समन यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. (प्रत्यक्ष तो जिवाणू वेगळा काढणारा त्यांचा तरुण विद्यार्थी आल्बर्ट शात्झ पारितोषिकाच्या वेळी बाजूलाच राहिला. पण ते रडगाणे येथे नको.) तेव्हा माती चमत्कार करू शकते की नाही, हा वादच नाही. आपल्या आज्यांचा उकिरडा आठवा. शेण, राख, पाचोळा, भाजीची देठे, पंगतीतल्या पत्रावळी आणि द्रोण, शेवटी शेवटी जीर्ण झालेल्या गोधडीच्या चिंध्यासुद्धा, सारे त्या खड्ड्यात जाई आणि पुढच्या पावसाळ्याआधी काळेभोर खत होऊन शेतावर पडे. पण त्या खड्ड्यात जे जे जाई ते मातीच्याच घरून आलेले असे. लेकीचे सामान माहेरी परत यावे, तसे ते परत येई. आज आपण तिच्या दारात जे टाकतो ते खनिज तेलापासून कारखान्यात घडवलेले, तिने कधी न पाहिलेले सामान आहे, आणि अपेक्षा मात्र अशी की तिने ते ओळखावे, पोटात घ्यावे आणि वर आपल्याला दुवाही द्यावा.

आता त्या गाजलेल्या जंतूची हकिकत नीट ऐका, कारण बातमीत ती धड कधीच येत नाही. जपानात ओसाकाजवळ साकाई नावाचे शहर आहे. तेथे प्लास्टिकच्या बाटल्यांवर पुन्हा प्रक्रिया करण्याचे ठिकाण आहे. जपानी संशोधकांनी अशा बाटल्यांच्या चुऱ्याने माखलेली माती, गाळ, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले आणि त्यांतल्या एका नमुन्यात त्यांना बाटलीच्या प्लास्टिकवर जगणारा जिवाणू मिळाला. साकाईवरून त्याचे नाव पडले इडिओनेला साकाइएन्सिस. २०१६ च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही हकिकत प्रसिद्ध झाली. हा जिवाणू अंगातून एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतो. ते प्लास्टिकचा लांब रेणू तोडते. दुसरे विकर त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करते. मग हे महाशय ते जेवतात.

ह्या बाटल्यांच्या प्लास्टिकला ‘पेट’ म्हणतात. (इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द मराठी कानाला आग लाव म्हटल्यासारखा ऐकू येतो, आणि आपले लोक नेमके तेच करतात.) १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी तो पदार्थ प्रथम बनवला तो कापडासाठी. एके काळी आपल्याकडे लग्नात टेरिलीनचा शर्ट मिळणे हे भाग्याचे लक्षण मानीत, ते टेरिलीन म्हणजे हाच पदार्थ. त्याची बाटली फार पुढची. तिचे पेटंट अमेरिकेत १९७३ साली झाले. म्हणजे बाटली जगात आल्यापासून ४३ वर्षांच्या आत तिच्यावर चालणारा दात जगापुढे आला. मी ही हकिकत वाचली तेव्हा खरोखर हात जोडले.

पण जोडलेले हात तसेच ठेवून पुढचेही वाचले. त्या जिवाणूला जे खाऊ घातले ती बाटली नव्हती. ती पेटची पातळ पापुद्र्यासारखी पट्टी होती, आणि तिच्यातल्या रेणूंची वीण मुद्दाम सैल ठेवलेली होती. ३० अंश सेल्सिअसच्या उबेत, एकट्याला निवांत बसवून, त्याने ती पट्टी ६ आठवड्यांत संपवली. बाजारातली बाटली ओढून-ताणून घट्ट केलेली असते. तिच्यावर त्याचे दात फारच मंद चालतात. प्रयोगशाळेतल्या ह्या जेवणावरून गावच्या उकिरड्याचा हिशेब मांडणे म्हणजे जावयाच्या पंगतीवरून दुष्काळी कामावरच्या शिध्याचा अंदाज करणे होय.

माझे रसायनशास्त्र शाळेच्या पुस्तकापुढे गेलेले नाही, पण जे वर्गात सांगते ते येथेही सांगते. प्लास्टिक ही एक वस्तू नव्हे. गोधडी आणि साखळदंड ह्या दोन्ही वस्तू घरात असतात, म्हणून उंदीर दोन्ही कुरतडील असे कोणी म्हणत नाही. पेटचा रेणू गोधडीसारखा आहे : दोन प्रकारचे तुकडे एकाआड एक ठेवून टाके घातलेले. ह्या टाक्यांत पाणी शिरू शकते आणि विकराला तेथे तोंड घालता येते. पण आपल्या हातातली पिशवी, दुधाची पिशवी, शेतात अंथरायचा काळा कागद हे सारे पॉलिथिन. त्यात कार्बनला कार्बन जोडलेला, कडीला कडी, हजारो कड्या, आणि टाका एकही नाही. दात लावायचा तरी कोठे? वेफरच्या पुड्याचे तर बोलायलाच नको. एका प्लास्टिकवर दुसरे प्लास्टिक, मध्ये ॲल्युमिनियमचा झिरझिरीत थर, वर रंग. तो सोलून वेगळा करणे माणसाला परवडत नाही, जंतूला काय परवडणार?

पॉलिथिनवर मातीचे काहीच चालत नाही असेही नाही. जपानात ३२ वर्षांहून अधिक काळ मातीत पुरून राहिलेले प्लास्टिक उकरून तपासण्यात आले. १९९५ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. पातळ पॉलिथिन जेथे मातीला चिकटून होते तेथे पांढुरके पडून झिजू लागले होते. पॉलिस्टायरीन, ज्यापासून आपण थर्माकोल करतो, आणि नळ्यांचे पीव्हीसी मात्र जसेच्या तसे. हे आहे मातीचे वेळापत्रक. एक पिढी लहानाची मोठी होऊन संसाराला लागते, तोवर माती पिशवीच्या कडा चाखून पाहते. २०१७ साली पोळ्यातले मेण खाणाऱ्या अळीने पिशवीला भोके पाडली म्हणून असाच गवगवा झाला. लगेच दुसऱ्या शास्त्रज्ञांनी विचारले, अळीने पिशवी कुरतडली हे दिसते. पचवली हे कशावरून? वाद पुढे बराच चालला. आमच्या वर्तमानपत्रांना त्याचा पत्ता नसतो. त्यांना भोक पुरते.

थोडे पुढे जाऊ. २०१२ साली जपानमध्येच पालापाचोळ्याच्या खतातून आणखी एक विकर हाती आले होते. पानांवर जो मेणचट थर असतो तो विरघळवणे हे त्याचे निसर्गदत्त काम. पेटचे टाकेही त्याला उसवता येतात असे दिसले. फ्रान्समधील संशोधकांनी त्यात फेरफार करून ते इतके सुधारले की १० तासांत पेटचा ९० टक्के भाग सुटा झाला. २०२० साली हे ‘नेचर’मध्ये आले. ह्याला मी खरी करामत म्हणते. पण कोठे झाली ती? ७२ अंश उष्णतेच्या बंद भांड्यात. त्याआधी पेट वितळवून, झटकन थंड करून, दळून पीठ केलेले. म्हणजे मातीचे नाव, आणि काम सारे कारखान्याचे. आणि शेवटी हातात काय येते? ज्या दोन द्रव्यांपासून पेट बनते, ती दोन द्रव्ये. त्यांची पुन्हा बाटली करावयाची. कारखाना म्हणून ते उत्तम आहे. नव्या तेलाची तेवढी बचत होईल. मात्र प्लास्टिकची माती झाली, असे जे चित्र वाचकाच्या मनात उभे राहते, ते साफ खोटे आहे. बाटलीची बाटली झाली.

आता माझा मुख्य मुद्दा. हा जंतू आणि ही विकरे जे खातात ते पेट आपल्या कचऱ्यात राहतेच कितीसे? पाण्याची रिकामी बाटली रेल्वेच्या फलाटावर टाकून पाहा. गाडी हलण्याच्या आत ती कोणाच्या तरी पोत्यात गेलेली असेल. कारण तिला भाव आहे. भंगारवाला ती वजनावर घेतो, तिचे तुकडे होतात, धागा होतो. जेथे जंतूची गरज नाही तेथेच जंतू मिळाला आहे. आणि जे कोणी उचलत नाही, ज्याला दमडीचा भाव नाही, ते वेफरचे पुडे, शाम्पूची पुडी, भाजीची फाटकी पिशवी, भेटवस्तूवरचा चमचमता कागद, त्याच्यासाठी आपल्याजवळ जंतू नाही. गटारात अडकते ते हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई बुडाली, तेव्हा नाल्यांच्या तोंडाशी दाटून बसलेले होते ते हे. तेव्हापासून पिशवीच्या जाडीचे किती मायक्रॉन ठरले आणि किती मोडले, ह्याचा इतिहास कोणी लिहिला तर दिवाळी अंकात विनोदी लेखाची सोय होईल.

खरा प्लास्टिक खाणारा जंतू मला ठाऊक आहे. तो दोन हात-दोन पायांचा असून बहुधा नऊवारी किंवा विटकी पाचवारी नेसतो. पुण्यात १९९३ साली अशा कचरावेचक बायांनी एकत्र येऊन कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था निघाली, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा उचलीत आल्या आहेत. ओले-सुके आपण एकत्र करून दिलेले असते. त्या ते उघड्या हातांनी निवडतात. काच कापते, सुई टोचते. पेट वेगळे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, जाड प्लास्टिक वेगळे, ही वर्गवारी त्या नुसत्या बोटांनी चुरगाळून, आवाज ऐकून करतात. प्रयोगशाळेत ह्याला यंत्र लागते. जपानच्या जिवाणूचे शास्त्रीय नाव आमच्या मुलांना सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी पाठ असते. आपल्या दारातून कचरा नेणाऱ्या बाईचे नाव किती घरांतून ठाऊक असते, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारावे.

आणखी एक जंतू आमच्या स्वयंपाकघरात असतो. दुधाची पिशवी कोपऱ्यात कात्री लावून, टोकाचा तुकडा वेगळा न करता कापायची, विसळायची, खिडकीच्या गजाला अडकवून वाळवायची, महिन्याच्या शेवटी गठ्ठा रद्दीवाल्याला द्यायचा, हा उद्योग मराठी गृहिणी वर्षानुवर्षे कोणी न सांगता करीत आली आहे. तिला पारितोषिक राहू द्या, घरातल्या मंडळींकडून ‘काय हा पसारा’ एवढेच ऐकायला मिळते. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट दिली, आणि पिशवीवर परत घेण्याची किंमत म्हणून किमान ५० पैसे छापावेत असे ठरवले. कल्पना सोन्यासारखी होती. रिकामी पिशवी दुकानात द्यायची, पैसे परत घ्यायचे. मग एकही पिशवी रस्त्यावर दिसली नसती, कारण उचलणाऱ्याला तिचा रोकडा मोबदला मिळाला असता. ते ५० पैसे आमच्या गल्लीत अजून कोणाच्या हाती पडलेले मी पाहिले नाहीत. येथे ना जंतू लागत होता, ना नोबेल. एक दुकानदार, एक पोते आणि एक वही लागत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला करतात. त्यासाठी माती आणतात ती बांधकामावरून किंवा पडक्या जागेतून. पूर्वी माती चाळली की खडे निघत, क्वचित एखादी फुटकी पणती. आता चाळणीवर राहतात त्या गुटख्याच्या पुड्यांच्या चिंध्या. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे मातीला कोणी कळवलेले दिसत नाही. विज्ञानप्रदर्शनात एका मुलाने ‘प्लास्टिक खाणारे सूक्ष्मजीव’ ह्या विषयावर सुरेख प्रतिकृती केली होती. डोंगर, नदी, कचऱ्याचा ढीग आणि त्यावर हिरवे टपोरे जंतू. सारे थर्माकोलचे. मुलाला हसण्यात अर्थ नाही. त्याला आपण जे शिकवले ते त्याने इमानाने करून दाखवले.

अशा बातम्यांवर विसंबून राहिल्याने काय होते, त्याचा एक धडा आपल्यासमोर आहे. आनंदमोहन चक्रवर्ती हे आपल्याकडचे, बंगालचे. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीत असताना त्यांनी १९७० च्या सुमारास तेल खाणारा जिवाणू घडवला. त्याच्या पेटंटचा खटला तेथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्ती जिंकले. समुद्रात सांडलेल्या तेलाची चिंता मिटली, असे लोकांना वाटले. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ हे जहाज फुटले, तेव्हा हजारो माणसे गरम पाण्याचे फवारे मारून खडक धुवीत होती. जंतूंनी हातभार लावला, पण तो त्याच किनाऱ्यावर आधीपासून राहणाऱ्या, खत फवारून पोसलेल्या जंतूंनी. पेटंटवाला जिवाणू उघड्या समुद्रावर कधी सोडलाच गेला नाही. मोकळा सोडला तर तो आणखी काय काय खाईल, ही भीती होतीच. १९७१ साली पेडलर आणि डेव्हिस ह्या दोघा इंग्रज लेखकांनी ‘म्यूटंट ५९’ ही कादंबरी लिहिली; तिच्यात प्लास्टिक खाणारा जंतू सुटतो आणि तारांवरची वेष्टणे वितळून लंडन ठप्प होते. कादंबऱ्या मीही लिहिते, त्यामुळे कादंबरीला पुरावा मानण्याचा मोह आवरते. पण आपल्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहून विचार करायला हरकत नाही.

ह्या बातमीने कोणाचे भले होते? शास्त्रज्ञाचे फारसे नाही; त्याला उलट अतिशयोक्ती निस्तरत बसावे लागते. भले होते ते ज्यांना पुडी विकायची आहे त्यांचे. १९५० पासून २०१५ पर्यंत जगाने ८३० कोटी टन प्लास्टिक बनवले, असा अमेरिकेतील संशोधकांचा २०१७ चा हिशेब आहे. त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला, आणि कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आला. ७९ टक्के जमिनीत, पाण्यात, उघड्यावर. एकट्या २०१९ सालात जगात वापरले गेले ते ४६ कोटी टन. २०२४ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडले की वाऱ्यावर सोडलेल्या प्लास्टिकमध्ये भारत जगात पहिला : वर्षाला सुमारे ९३ लाख टन, आणि त्यातला मोठा भाग उघड्यावर जाळला जातो. जेथे नळ धो-धो वाहत आहे तेथे पोछा कोणत्या कापडाचा असावा ह्यावर चर्चा चालू आहे. नळ बंद करण्याची गोष्ट निघाली की काय होते तेही पाहा. प्लास्टिकविषयी जागतिक करार करण्यासाठी देश जिनिव्हात २०२५ च्या ऑगस्टमध्ये जमले आणि करार न करता उठले. उत्पादनाला मर्यादा घालावी की नाही, ह्यावर घोडे अडले. मर्यादा नको म्हणणाऱ्यांत तेलसम्राट होते, हे समजू शकते. त्याआधी बुसानच्या बैठकीत उत्पादनावरच्या बंधनाला आपणही नकारच दिला होता. घरी आल्यावर मग जंतूंची बातमी गोड लागते.

कोणी म्हणेल, बाई विज्ञानाच्या विरुद्ध आहेत. मुळीच नाही. मला विज्ञान हवे आहे. त्याची हूल नको आहे. विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांचेच घ्या. काहींत असे द्रव्य घालीत की पिशवी उन्हात तुकडे-तुकडे होई. नाहीशी झाली असे वाटे, आणि बारीक कणांनी माती भरून जाई. युरोपने २०२१ पासून असला माल बाजारात आणण्यास बंदी केली. मक्याच्या पिष्टापासून केलेल्या पिशव्यांची परीक्षा होते ती ५८ अंशांच्या आसपास उष्णता राखलेल्या खतशाळेत. आपल्या गटारात ५८ अंश कोठून आणायचे?

आता मातीच्या जंतूंना खरोखर कामाला लावायचे असेल तर जागा आहे, आणि ती शेतात आहे. कलिंगड, मिरची, टोमॅटो ह्यांच्या गादीवाफ्यांवर हल्ली मल्चिंग पेपर अंथरतात. तण येत नाही, पाणी वाचते, फळ स्वच्छ राहते. शेतकऱ्याने तो वापरला ह्यात त्याचा दोष नाही. मजुरी परवडत नाही तेथे तो काय करील? पण हा ‘पेपर’ म्हणजे २५-३० मायक्रॉनचे पॉलिथिन. हंगाम संपेपर्यंत उन्हाने ठिसूळ होतो, ओढताना फाटतो, मातीने माखतो, म्हणून भंगारवाला त्याला शिवत नाही. मग बांधावर जाळायचा, नाहीतर रोटावेटरखाली आतच घालायचा. वर्षातून एक थर. जी जमीन आजोबांनी शेणखत घालून नातवाला दिली, तिच्यात आपण नातवाच्या नातवासाठी काळ्या चिंध्या पेरीत आहोत. ह्याच कामासाठी वेगळ्या जातीचे प्लास्टिकही बनवता येते, ज्याच्या रेणूत मातीच्या जंतूंना जमतील असे टाके मुद्दाम ठेवलेले असतात. २०१८ साली झुरिकच्या संशोधकांनी खुणेचा कार्बन घालून पाहिले. मातीतल्या जंतूंनी तो कार्बन स्वतःच्या शरीरात घेतला होता. म्हणजे येथे कुरतडले नव्हे, पचवले. असा कागद महाग पडतो, आणि थंड, कोरड्या जमिनीत सावकाश मुरतो, हेही खरे. पण दिशा ही आहे. आपल्या कचऱ्याच्या मापाचा जंतू शोधत बसण्यापेक्षा जंतूच्या दाताच्या मापाची वस्तू बनवावी. उकिरड्याला हे पूर्वीपासून ठाऊक होते.

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. गाडगेबाबा ती हातात धरून गावोगाव झाडीत फिरले. १९५६ साली ते गेले तोवर त्यांच्या वाट्याला प्लास्टिकची पिशवी फारशी आली नसेल. आज आली असती तर त्यांनी कीर्तनात जंतूंची वाट पाहणाऱ्यांचे काय केले असते, ह्याची कल्पना मला करवते, लिहवत नाही.

दिवाळी आटोपली की कलिंगडाच्या लागवडीची तयारी सुरू होईल. कृषी सेवा केंद्रांत काळ्या-चंदेरी रिळांच्या थप्प्या लागलेल्या असतील. अंथरण्यासाठी फलोत्पादन अभियानातून निम्मे अनुदान मिळत आले आहे. गोळा करण्यासाठी छदाम नाही. रीळ विकणाऱ्याने हंगामानंतर फाटका पेपर मातीसकट वजनावर परत घ्यावा, त्याची पावती शेतकऱ्याने जोडली तरच अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटावा, एवढी अट अर्जाच्या पाठीमागे दोन ओळींत मावते. ह्या वर्षीचे अर्ज अजून भरायचे आहेत.